सोळा पानांत लिंकन: एका फ्रेमच्या तिकीट-प्रदर्शनाच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२४

आज टपाल-तिकिटांच्या क्लबमध्ये नाव दिलं. फेब्रुवारीतल्या प्रदर्शनात माझी एक फ्रेम असेल. एक फ्रेम म्हणजे लेटर आकाराची सोळा पानं, चार ओळींत चार-चार. विषय अब्राहम लिंकन. हाताशी पाच महिने आहेत आणि खर्चाची मर्यादा ४०० डॉलर ठरवली आहे.

हा विषय बाबांच्या वहीमुळे सुचला. भारतीय टपालखात्याने १५ एप्रिल १९६५ ला, लिंकनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, १५ पैशांचं तिकीट काढलं होतं. बाबांनी ते शाळकरी वयात वहीत चिकटवलं आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, 'अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष'. ती वही माझ्याबरोबर इलिनॉयला आली. लिंकनचं स्प्रिंगफील्ड इथून अडीच तासांवर आहे, तरी इतक्या वर्षांत ते तिकीट मी कुणाला दाखवलं नव्हतं.

पहिल्यांदाच फ्रेम करणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून चुका आणि खर्चासकट सगळं इथे लिहून ठेवणार आहे.

१४ सप्टेंबर

पहिल्याच आठवड्यात मोठं नुकसान केलं. बाबांचं तिकीट वहीला गोंदाने घट्ट चिकटलेलं आहे. पान कापायचं नव्हतं, कारण त्यावर त्यांचं अक्षर आहे. म्हणून किटलीची वाफ दिली आणि कोपरा सुटल्यासारखा वाटला तेव्हा चिमट्याने ओढला. तिकिटाच्या मागच्या कागदाचा एक थर वहीलाच राहिला. उजेडासमोर धरलं की वरच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा पातळ डाग दिसतो. तो आता कायमचा.

खरी रीत मला माहीत होती. तिकिटाभोवतीचा कागद कापून घ्यायचा, थंड पाण्यावर तरंगत ठेवायचा, गोंद आपोआप सुटू द्यायचा. मग तिकिटावरून कागद काढायचा, कागदावरून तिकीट कधीच ओढायचं नाही. टिपकागदात ठेवून वर जाड पुस्तक. एवढं माहीत असून घाई केली. आणि मुळात ते काढायचं काय कारण होतं? वहीचं अख्खं पानच दाखवता आलं असतं. उरलेले तीन कोपरे अजून चिकटलेले आहेत, ते आता तसेच राहतील.

याच तिकिटाची चांगली प्रत ३ डॉलरला मागवली.

२८ सप्टेंबर

दोन आठवडे यादी करण्यात गेले आणि ती बहुतेक वाया गेली. कॅटलॉग उघडून लिंकनची बरीचशी अमेरिकन तिकिटं सालवार मांडली: १८६६, १८६९, १८७०, १८९०, १९०३, १९०९, १९२३, १९३८, १९४८, १९५४, १९५८-५९ ची चार, १९६५, २००९ ची चार. कोऱ्या पानांवर झेरॉक्स चिकटवून क्लबमधल्या एका जुन्या सभासदाकडे नेली. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि विचारलं, "हे कॅटलॉगमध्ये आहेच. तुला काय सांगायचंय?"

उत्तर देता आलं नाही. परतीच्या वाटेवर तोच प्रश्न डोक्यात होता. घरी येऊन प्रत्येक तिकिटासमोर लिहीत गेलो की हे कुणी, कशासाठी, कोणत्या पत्रावर लावलं असेल. त्यातून धागा हाती आला. १८६६ चा लिंकन १५ सेंटांचा होता. त्या काळी देशातल्या साध्या पत्राला ३ सेंट पडत आणि त्या तिकिटावर वॉशिंग्टन असे. १५ सेंट हा फ्रान्सला जाणाऱ्या पाव औंसाच्या पत्राचा दर. म्हणजे लिंकन गेल्यानंतरचं पहिलं तिकीट शेतकऱ्याच्या घरच्या पत्रावर फारसं लागलंच नसणार. याच्या उलट १९५४ चं जांभळट लाल ४ सेंटांचं तिकीट. १ ऑगस्ट १९५८ ला साध्या पत्राचा दर ३ वरून ४ सेंट झाला आणि हाच लिंकन घरोघरच्या पाकिटांवर चढला.

तेव्हा पानं सालवार लावायची नाहीत. कोणता लिंकन कुणी आठवला, त्या क्रमाने लावायची. मेलेला, महागडा, रोजचा, बिनदाढीचा, शब्दांचा, दगडाचा. १८६९ चं ९० सेंटांचं तिकीट माझ्या आवाक्याबाहेर आहे, ते यादीतून काढलं. त्याच्यावाचून धागा तुटत नाही.

१२ ऑक्टोबर

१८६६ च्या तिकिटाने सर्वांत जास्त वेळ आणि पैसा खाल्ला.

ऑनलाइन लिलावात एक दिसलं: 'न वापरलेलं, डिंक नाही', ६० डॉलर. न वापरलेलं तिकीट इतक्या स्वस्तात मिळत नाही, तिथेच थांबायला हवं होतं. घेतलं. क्लबमध्ये अतिनील दिव्याखाली धरलं तर लिंकनच्या कपाळावरून हनुवटीपर्यंत एक तिरपी काळसर रेघ उमटली, तिला छेदणारी दुसरी. पेनने मारलेली फुली कुणीतरी रसायनाने धुऊन काढली होती. साध्या उजेडात तिचा मागमूस नव्हता. परत घेण्याची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपलेली. ६० डॉलर गेले.

दुसरं घेतलं ते वापरलेलंच, बुचावर कोरलेल्या शिक्क्याचा काळा ठसा असलेलं, ९५ डॉलरला. चित्र मध्यावर नाही, डावीकडे सरकलंय. पण चेहरा मोकळा आहे आणि त्याने काही लपवलेलं नाही. मागची बाजू तिरप्या उजेडात भिंगाने तपासली. १८६७-६८ मध्ये हेच तिकीट मागून 'ग्रिल' दाबून निघालं. ग्रिल म्हणजे बारीक टोचल्यासारखी जाळी, तिने कागदाचे धागे तुटतात, शाई आत मुरते आणि शिक्का धुऊन तिकीट पुन्हा लावता येत नाही. माझ्याकडच्यावर जाळी नाही, म्हणजे ते आधीच्या छपाईचं. धुतलेलं तिकीटही ठेवून दिलं आहे. क्लबमध्ये नव्या मुलांना दिव्याखाली दाखवायला ते उपयोगी पडेल.

या पानाच्या मजकुरातही चूक केली. 'शोक-तिकीट' असं ठळक लिहिलं होतं. काळा रंग आणि मृत्यूनंतर साधारण वर्षाने, एप्रिल १८६६ मध्ये निघालेलं, म्हणून संग्राहक त्याला तसं म्हणतात. पण ते त्या वेळच्या नेहमीच्या तिकिटांपैकीच एक होतं, आणि १८६३ चं २ सेंटांचं जॅक्सनचं तिकीटही काळंच होतं. आता वाक्य असं आहे: 'अनेक संग्राहक याला शोकाचं तिकीट मानतात.' मीही मानतो. तरी माझं मानणं आणि टपालखात्याचं म्हणणं एका वाक्यात मिसळायचं नाही, हा नियम आजपासून सगळ्या पानांना.

२ नोव्हेंबर

१२ फेब्रुवारी १९०९, लिंकनची जन्मशताब्दी. त्या दिवशी निघालेलं २ सेंटांचं किरमिजी तिकीट ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी घडवलेल्या पुतळ्यावरून केलं आहे. २ सेंट हा तेव्हा साध्या पत्राचा दर, म्हणजे इथे लिंकन पहिल्यांदा स्मारक-तिकीट म्हणून सर्वांच्या हातात आला. त्याचे तीन प्रकार आहेत: दातेरी (कडेला छिद्रांचे दाते असलेलं), बिनदातेरी (कडा सरळ कापलेलं) आणि निळसर कागदावरचं.

दातेरी ६ डॉलरला मिळालं, काही अडचण आली नाही.

बिनदातेरी ९ डॉलरला सुटं घेतलं. घरी आल्यावर दातेरी तिकिटाशेजारी ठेवून मोजलं तर समासासकट ते दातेरीपेक्षा मोठं भरेना. दातेरी तिकिटाच्या कडा कापूनही नेमकं असंच तिकीट करता येतं. माझं खोटंच आहे असं म्हणत नाही, पण खरं असल्याचं ते सिद्ध करू शकत नाही, आणि फ्रेममध्ये तेवढं कारण ते वगळायला पुरेसं आहे. शेवटी २४ डॉलरला जोडी घेतली. दोन तिकिटांच्या मधल्या जागेत छिद्रं नाहीत, हे तिथे कुणालाही दिसतं. बिनदातेरी घ्यायचं तर जोडीच घ्या.

निळसर कागदाची हकीकत अशी. त्या काळी ओलसर कागदावर छापत, तो वाळताना कमी-जास्त आकसे आणि छिद्रं भलत्या जागी पडून ताव वाया जात. त्यावर उपाय म्हणून ३५ टक्के चिंध्यांचा लगदा घातलेला कागद वापरून पाहिला. त्याला राखाडी-निळी झाक आली, आकसणं मात्र थांबलं नाही. मी एक मागवलं. विक्रेत्याच्या फोटोत ते छान निळसर होतं. खिडकीपाशी नेऊन साध्या दातेरीशेजारी पालथं ठेवलं, तर दोन्ही पाठी सारख्याच पिवळट पांढऱ्या. फोटोच निळा होता. या वेळी त्याच दिवशी परत पाठवलं, टपालाचे ७ डॉलर गेले. कागदाचा रंग पडद्यावर ठरवू नका. पाठीमागून, दिवसाउजेडी, दुसऱ्या तिकिटाशेजारीच ठरवा. खात्रीचं निळसर तिकीट प्रमाणपत्रासकट घ्यायचं तर माझं बजेट तिथेच संपलं असतं. ते पान रद्द.

१६ नोव्हेंबर

१९३८ च्या मालिकेत २२ सेंटांपर्यंत राष्ट्राध्यक्षाचा क्रमांक तीच तिकिटाची किंमत, म्हणून सोळावा लिंकन १६ सेंटांवर. सुटं तिकीट काही सेंटांना मिळतं, पण ते पानावर काहीच बोलत नव्हतं. महिनाभर शोधून १८ डॉलरला पाकीट मिळालं: विमानटपालाचे ६ आणि विशेष वितरणाचे १०, दोन्हीला मिळून एकच लिंकन लावलेला. हे एक पाकीट अख्ख्या पानाला पुरलं.

१८७० चं ६ सेंटांचं, १८९० चं ४ सेंटांचं आणि १९०३ चं ५ सेंटांचं मिळून २५ डॉलर. १९४८ ते २००९ ची तिकिटं एका लॉटमध्ये ३० ला. यात सांगण्यासारखं विशेष काही घडलं नाही.

२९ नोव्हेंबर

सुट्टीत सगळे स्प्रिंगफील्डला गेलो. पेट्रोल ४० डॉलर, प्रकल्पाच्या खात्यात धरतोय.

ओक रिज दफनभूमीत लिंकनच्या समाधीसमोर गटझन बोर्गलम यांच्या शिल्पावरून केलेलं त्याचं मोठं कांस्य मस्तक आहे. सगळा चेहरा काळपट तपकिरी, आणि नाक तेवढं पितळेच्या घासलेल्या तांब्यासारखं लख्ख. येणारा प्रत्येक जण नशिबासाठी नाकावर हात फिरवतो. लेकीचा हात पुरेना, बायकोने तिला उचलून धरलं. कडाक्याच्या थंडीत कांस्य इतकं गार होतं की तिने हात झटकन मागे घेतला, मग हातमोजा घालून पुन्हा लावला. आपल्याकडे देवळात शिरताना पायरीवरच्या कासवाचं डोकं असंच हात लागून लागून गुळगुळीत झालेलं असतं. मला तेच आठवलं.

२७ फेब्रुवारी १९५९ चं ३ सेंटांचं तिकीट बोर्गलम यांच्या त्याच लिंकन-मस्तकाचं आहे. तिकिटाशेजारी आता मी काढलेला नाकाचा फोटो येईल. आधी त्या जागी शिल्पकाराची माहिती होती, ती काढली. तिकिटाने जे मस्तक छापलं त्याच्या नाकाला लोक कसे हात लावतात, हे फोटोत आपोआप दिसतं.

बिनदाढीचं पान गाडीतच सुचलं. १२ फेब्रुवारी १९५९ चं १ सेंटाचं तिकीट लेकीला दाखवून विचारलं, हा कोण? तिने लगेच सांगितलं, "माहीत नाही." शाळेत तिने लिंकनची उंच टोपी आणि कागदाची दाढी केलेली आहे, पण हा चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता. जॉर्ज हीली यांनी नोव्हेंबर १८६० मध्ये स्प्रिंगफील्डला हे चित्र काढलं तेव्हा लिंकनला दाढी नव्हती. त्याच्या आदल्याच महिन्यात, १५ ऑक्टोबरला, न्यू यॉर्क राज्यातल्या वेस्टफील्डच्या ग्रेस बेडेल नावाच्या ११ वर्षांच्या मुलीने त्याला दाढी ठेवा असं पत्र लिहिलं होतं आणि १९ तारखेला त्याने तिला उत्तरही पाठवलं होतं. मी मथळा 'दाढी काढलेला लिंकन' असा केला होता. वाचून दाखवल्यावर बायकोने लगेच पकडलं: "काढलेला कसा? ठेवायच्या आधीचा ना?" दुरुस्त केलं.

१५ डिसेंबर

पान १५ वर आई आणि मी जवळजवळ भांडलो.

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही लिंकन म्हटलं की तिकीट आठवत नाही. आठवतं ते मुलाच्या मुख्याध्यापकांना त्याने लिहिलेलं म्हणून सांगतात ते पत्र. आई तीस वर्षं शिक्षिका होती. तिच्या वर्गात ते फ्रेम करून लावलेलं होतं आणि दरवर्षी पहिल्या दिवशी ती ते मोठ्याने वाचायची. ती फ्रेम आजही घरी आहे. तिचा फोटो पाठव म्हणून फोन केला आणि बोलता बोलता सांगून बसलो की ते पत्र लिंकनचं असल्याचा पुरावा नाही.

"कोण म्हणतं?"

"आई, त्याच्या लेखनाचे सगळे खंड छापलेत, १९५३ सालापासून. मिशिगन विद्यापीठाने ते इंटरनेटवर ठेवलेत. दोन रात्री शोधलं, त्यात नाहीये."

"हरवलं असेल."

"भाषाही त्याची नाही वाटत. आणि त्याने स्वतः लिहून ठेवलंय की सगळी शाळा मिळून वर्षभराचीही झाली नाही."

"म्हणूनच लिहिलं असेल. ज्याला शाळा मिळत नाही, त्याला तिची किंमत जास्त कळते." आणि थोड्या वेळाने, "मग मी इतकी वर्षं मुलांना खोटं सांगितलं?"

यावर पटकन काही बोलता आलं नाही. रात्री पान १४ समोर बसलो. तिथे १९ नोव्हेंबर १९४८ ला गेटिसबर्गला निघालेलं ३ सेंटांचं तिकीट आहे. लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी चालवलेलं राज्य, हे शब्द त्यावर छापलेत. ते १८६३ मधल्या तिथल्याच भाषणातले, त्याच्याच तोंडचे, आणि त्या भाषणाच्या त्याच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती आजही आहेत. हे त्याने दिलेले शब्द. शेजारचं पान १५ लोकांनी त्याच्या नावावर जमा केलेल्या शब्दांचं करायचं. ज्याच्याकडून ऐकावेसे वाटले, त्याच्या नावावर लोकांनी ते ठेवले. तिकिटांचं प्रदर्शन लोकांच्या आठवणीबद्दल असेल, तर हजारो शाळांच्या भिंतींवरची ती फ्रेम वगळणं मला खोटं वाटलं. मजकुरात मात्र स्पष्ट लिहिलं आहे की हे पत्र लिंकनच्या संग्रहित लेखनात नाही.

सकाळी आईला फोन केला आणि म्हटलं, "तू खोटं नाही सांगितलंस. मुलांना ते शब्द मिळाले. फक्त खाली सही कुणाची, ते माहीत नाही." तिने फोटो पाठवला. काचेवर ट्यूबलाइट चमकत होती, पुन्हा काढायला सांगितला. तिने फ्रेम अंगणात नेऊन तुळशीवृंदावनाला टेकवून काढला. तोच पानावर आहे.

४ जानेवारी २०२५

पानं बसवायला घेतली. आधी १६ डॉलरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या. उघडल्यावर नव्या रेनकोटचा वास आला. तो पीव्हीसीचा. त्यातून सुटणारी रसायनं तिकिटाच्या शाईला आणि कागदाला वर्षानुवर्षं खातात. वापरल्या नाहीत. पॉलिएस्टरच्या पिशव्या २८ डॉलर, आम्लरहित जाड कागद १४, माउंट (तिकीट बसवायच्या पारदर्शक पट्ट्या) ३२.

माउंट कापण्यात अख्खा रविवार गेला. पहिले सहा मी तिकिटाच्या मापाला नेमके कापले आणि तिकीट आत घालताना दातांचे कोपरे वाकायला लागले. दोन्ही बाजूंनी एक-एक मिलिमीटर जास्त ठेवला की तिकीट सहज बसतं. पाकिटाला माउंट नको, चार कोपऱ्यांना पारदर्शक कोपरपट्ट्या पुरतात.

बाबांच्या वहीचं पान शेवटचं, पान १६. ते मूळ पान तसंच, कोपऱ्यातल्या पातळ डागासह आणि पेन्सिलीच्या अक्षरासह. ३ डॉलरची चांगली प्रत शेजारी. शेवटच्या ओळीत घरची एक आठवणही घातली होती: १८ एप्रिल १९५८ ला महर्षी कर्व्यांवर ते हयात असताना तिकीट निघालं, आणि बाबांनी ते याच वहीच्या पहिल्या पानावर लावलं होतं. अमेरिकेत हयात माणूस सहसा तिकिटावर येत नाही, म्हणून ही तुलना मला फार आवडली होती. पण लिंकनच्या फ्रेमला तिची गरज नाही. काढली.

१ फेब्रुवारी

सोळा पानं जमिनीवर मांडून मागे उभा राहिलो. पान ३ आणि ४ वर मजकूर इतका आहे की तिकिटं दिसतच नाहीत. फ्रेमसमोरचा माणूस तीन फुटांवरून वाचतो. अक्षरं मोठी केली, मजकूर निम्म्यावर आणला. १९५८ च्या तिकिटाखाली लिंकन आणि त्याचा निवडणुकीतला प्रतिस्पर्धी डग्लस यांच्या जाहीर वादाची अर्धं पान माहिती होती. आता तिथे फक्त एवढंच आहे: इलिनॉयमधल्या फ्रीपोर्टचा वाद २७ ऑगस्ट १८५८, तिकीट त्याच गावात बरोबर शंभर वर्षांनी.

२००९ ची चार तिकिटं, लाकूड फोडणारा, वकील, राजकारणी, राष्ट्राध्यक्ष, पहिल्या पानावर हलवली. आल्या-आल्या बघणाऱ्याला कळावं की एकाच माणसाचे हे चार चेहरे आहेत.

१५ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. फ्रेमचं शुल्क १५. एकूण खर्च ४२२ डॉलर, ठरवल्यापेक्षा २२ जास्त. त्यातले ९२ सरळ वाया: धुतलेलं तिकीट ६०, सुटं बिनदातेरी ९, परतीचं टपाल ७, पीव्हीसीच्या पिशव्या १६. वेळ अंदाजे १३० तास, त्यातले चाळीसेक पहिल्या यादीत गेलेले.

परीक्षकांनी रौप्य दिलं आणि फ्रेमसमोर उभं राहून वीस मिनिटं बोलले. १५ सेंटांचं तिकीट प्रत्यक्ष फ्रान्सला गेलेल्या पाकिटावर हवं होतं, नाहीतर दराचा मुद्दा नुसता मजकुरात राहतो. बरोबर आहे, पुढच्या वर्षीची खरेदी तीच. बिनदातेरी जोडी पसंत पडली. पान १५ समोर ते बराच वेळ थांबले, खालची मराठी ओळ काय म्हणते ते विचारलं. वाचून दाखवली, अर्थ सांगितला. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी आईला सगळ्या पानांचे फोटो पाठवले. तासाभराने उत्तर आलं. रौप्याबद्दल आधी काही नाही. 'पान १५ वर तू "भाषांतर" लिहिलंयस. मूळच नाही म्हणतोस, मग भाषांतर कशाचं? "मराठी पाठ" लिही.'

नवीन पान छापून जुन्याच्या जागी घातलं.